काळ्या मातीवर मुलींसाठी कबड्डीचं मैदान



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत तीन गावांच्या ताईंनी एकच प्रश्न विचारला. "मुलींना कबड्डी खेळायला घराजवळ जागा करून द्यायची आहे, पण आमची माती काळी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. मैदान टिकेल का?" टिकतं. पण ते कसं टिकतं हे आम्हाला पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. म्हणून आधी आमची चूक सांगते, मग पाठ.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, झाडीपट्टीतलं. भाताची बांधी, पावसाळाभर ओल, आणि गावठाणालासुद्धा कन्हार माती. शाळेचं मैदान गावाबाहेर आहे. मुलगी सातवी-आठवीत गेली की संध्याकाळी तिकडे पाठवायला घरचे तयार नसतात. खेळ तिथेच सुटतो. गटातल्या एका ताईंच्या घरामागे मोठी वाडी होती, ती त्यांनी दिली. घराच्या मागे, आयांच्या नजरेसमोर मैदान असलं की बापही नाही म्हणत नाहीत, हा आमचा हिशेब. तो बरोबर निघाला. मातीचा हिशेब चुकला.

मे महिना होता. ट्रॅक्टर रिकामे, मुलांना सुट्टी, आम्हालाही वेळ. वाडीत एक वीतभर खोदलं, त्यात मुरूम भरला, पाणी मारलं, धुमस केली. जूनपर्यंत मैदान बघत राहावं असं होतं. जुलैत मधोमध पाय घोट्यापर्यंत जायला लागला. श्रावणात चार दिवस ऊन पडलं, वरून कोरडं दिसलं, मुली उतरल्या. आठवीतली एक मुलगी चढाईला गेली, तिचा पाय वरच्या पापुद्र्यातून आत गेला आणि गुडघा पिरगळला. दोन महिने ती घरी बसली. तिची आई म्हणाली, "माझी पोरगी आता नाही येत जी." पुढच्या आठवड्यात आणखी सहा जणी यायच्या बंद झाल्या. मुरुमाचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मुलींचा खेळ आमच्याच हातानं बंद झाला, ते जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही डिसेंबरात काम केलं आणि वेगळ्या पद्धतीनं केलं. त्या मैदानानं आता तीन पावसाळे काढलेत.

माती काय करते

काळ्या मातीचे कण फार बारीक आणि पातळ पत्र्यांसारखे असतात. त्या पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, रात्री भिजत घातलेल्या डाळीसारखी. पाणी गेलं की आक्रसते आणि भेगा पडतात. ही फुगणारी माती अंगावरचं ओझं वर उचलते. घराच्या भिंतींना तिरप्या चिरा पडतात त्या पुष्कळदा यामुळेच. दुसरा गुण असा की एकदा फुगल्यावर ती पाणी खाली जाऊ देत नाही. डोंगराळ भागातल्या मुरमाड जमिनीत खड्ड्यातलं पाणी काही वेळात मुरतं. कन्हारात ते तसंच उभं राहतं.

आता आमची चूक बघा. आम्ही चिकण मातीत खड्डा केला, म्हणजे परात केली. त्यात मुरूम भरला. मुरुमातून पाणी सहज खाली गेलं आणि परातीत साठलं. वरून मैदान, आत तळं. आमच्याकडे तलाव बांधताना काळी मातीच वापरतात, पाणी धरते म्हणून. आम्ही ते विसरलो आणि वाडीत छोटा तलाव बांधला.

म्हणून एवढं धरून ठेवा: उताणी परात नको, पालथी परात हवी. मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, मध्ये किंचित फुगीर, आणि उतरून गेलेलं पाणी चरातून बाहेर. मुरूम किती टाकता हा नंतरचा प्रश्न.

आणखी एक. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी खळं केलेलं आहे. पाणी शिंपडून, चोपून, शेणानं सारवून काळ्या मातीचं खळं कसं टणक होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण खळं मळणीपुरतं असतं, कोरड्या दिवसांतलं. त्याच पद्धतीचं मैदान पहिल्या पावसात निसरडं होतं. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या सासवांनी सारवायचाच आग्रह धरला होता. तो आम्ही मोडला. एक कारण निसरडेपणा. दुसरं म्हणजे मुली खेळताना गुडघे-कोपर खरचटून घेतात आणि जखमेला शेण लागलं तर धनुर्वाताची भीती. मैदान गोठ्यापासूनही लांबच ठेवा. मुलींना १० आणि १६ व्या वर्षी टीडीची लस असते. ती झाली का, हे आशाताईंकडून बघून घ्या.

आधी माती ओळखा

झाडीपट्टीत एकाच गावात चार तऱ्हेच्या माती सापडतात. कन्हार सगळ्यात भारी. मोरंड जरा कमी, तिच्यात चुनखडीचे खडे असतात. सिहार हलकी, रेताड. बरडी म्हणजे खडकाळ. वाडीच्या एका टोकाला मोरंड आणि दुसऱ्या टोकाला कन्हार असंही होतं. म्हणून तीन-चार ठिकाणची माती, वरची एक वीत सोडून खालची, काढून बघा.

ओली माती अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबून पट्टी काढा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती भारी आहे. दुसरी परीक्षा बाटलीची. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा वाळवून कुटलेली माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर. खूप हलवा आणि एक दिवस न हलवता ठेवा. खाली रेती बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकण. कशाचा थर किती हे डोळ्यांना दिसतं. तिसरी परीक्षा सगळ्यात उपयोगाची. फूटभर खोल खड्डा करा, पाणी भरा, ते जिरलं की संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर त्या जागेत शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका. सांडपाण्यासाठी शोषखड्डा सांगतात म्हणून मैदानालाही पुष्कळ जण तोच सुचवतात. भारी काळ्या मातीत पावसाळ्यात शोषखड्डा भरून राहतो. पाणी वाहून जाईल अशी वाटच द्यावी लागते.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा. छपराच्या वळचणीचं पाणी जिथे पडतं ती जागा, बोअर किंवा हातपंपाच्या सांडपाण्याची जागा, आणि मोठ्या झाडाजवळची जागा. झाडाची सावली मुलींना हवीशी वाटते, मान्य. पण मुळं उन्हाळ्यात एका बाजूची ओल ओढून घेतात, माती तिथेच जास्त आक्रसते आणि मैदान एकीकडे खचतं. पावसाळ्यात त्याच सावलीत शेवाळ धरतं.

कधी करायचं

मे महिन्यात माती पूर्ण वाळून भेगाळलेली असते. त्यावर केलेलं काम पहिल्या पावसात माती फुगली की वर उचललं जातं. पावसाळ्याच्या शेवटी केलं तर माती पूर्ण फुगलेली असते आणि पुढे आक्रसते. मधली वेळ हवी. भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, माती आत ओलसर पण हाताला न चिकटणारी असते. मूठ आवळली की गोळा होतो, कमरेच्या उंचीवरून टाकला की चार-पाच तुकडे होतात. ही ओल चोपायला सगळ्यात चांगली. धानाची मळणी आणि लग्नसराईच्या मध्ये पंधरा दिवस काढा.

मापं

महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. त्या ८ मीटरमध्ये दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी, म्हणजे लॉबी, आली. लांबीच्या मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून दोन्हीकडे ३ मीटरवर निदान रेषा आणि त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेपासून अंतिम रेषा २ मीटर. पुरुषांचं मैदान मोठं, १३ बाय १० मीटरचं असतं. ते बघून मापं घेऊ नका, आपल्या मुली रोज जास्त जागेत खेळतील आणि तालुक्याला गेल्यावर गोंधळतील. लहान वयोगटाची मापं वेगळी आहेत, ती शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा.

चारही बाजूंना निदान एक मीटर मऊ जागा ठेवा. म्हणजे भराव १४ बाय १० मीटरचा, फुटांत ४६ बाय ३३. त्यापलीकडे तीन फूट सोडून चर. सगळं मिळून साधारण ५५ बाय ४२ फूट जागा लागते. एवढ्यात भिंत, खांब, दगडी पाटा, काटेरी कुंपण काही नको. जागा कमी असेल तर मैदान करू नका असं मी सांगणार नाही. अर्धं मैदान करा, चढाई-पकडीचा सराव त्यावर होतो. खो-खोला मात्र याहून खूप मोठी जागा लागते, ते वाडीत बसत नाही.

काटकोन साधायला गवंड्याची युक्ती: दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण. मग दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय ८ च्या मैदानाचा कर्ण १४ मीटर ४२ सेंटिमीटर आला पाहिजे, दोन्हीकडे सारखा.

काम

पहिला दिवस चराचा. मुरुमाची ट्रॉली येण्याआधी चर झाला पाहिजे, याबद्दल मी हट्टी आहे. वरच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना चर काढा, वर दीड फूट रुंद, एक फूट खोल, तळाला सलग उतार. काही जण त्यात दगड भरून वरून झाकतात. दिसायला छान, पण काळी माती दगडांत शिरते आणि दोन वर्षांत चर बुजतो. उघडा चर खराट्यानं साफ होतो. मुली खेळताना त्यात पडू नयेत म्हणूनच मधलं तीन फुटांचं अंतर. पाणी बांधीत किंवा केळीच्या खाचरात सोडा. शेजारच्यांच्या अंगणात सोडलंत तर मैदानाआधी भांडण तयार होईल. तोंडाशी वाळ्याची चार बेटं लावा, माती धुपत नाही.

दुसरं काम तळाचं. वरचं गवत आणि मुळं दोन-तीन इंच खरडून काढा. ती माती परसबागेत टाका, सोनं आहे ती. त्याहून खोल जाऊ नका. आता या काळ्या मातीलाच आकार द्या: लांबीच्या मधल्या रेषेवर उंच, दोन्ही बाजूंना उतरती. मधून कडेपर्यंत सोळा फुटांत दोन इंच उतार पुरतो. खेळताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र जाणवतो. उतार नजरेनं ठरवू नका, पाण्याची नळी लावा. मग चोपा. पालथी परात इथेच तयार होते. खालची माती सपाट ठेवून वर मुरुमात उतार दिला तर आत पाणी साठतंच.

यावर मुरूम थेट टाकला तर पावसाळ्यात तो चिखलात बुडतो आणि चिखल वर येतो. मध्ये आडकाठी हवी. जाडसर भू-वस्त्र मिळालं तर उत्तम. नाही तर दोन इंच जाड रेती किंवा क्रशरची कच. आम्ही खताची विणलेली पोती धुऊन, आतली प्लास्टिकची पिशवी काढून, उसवून, एकावर एक फूटभर चढवून अंथरली; काम चालतं. अखंड प्लास्टिकचा कागद मात्र अंथरू नका. पाणी त्यावर अडतं.

मुरूम तीन थरांत टाका, एका वेळी तीन इंच. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा, ओता नव्हे, आणि धुमस करा. हातरूळ मिळाला तर बरं. चोपून एकूण सहा इंच जाडी हवी. एवढ्याला साधारण ७६० घनफूट चोपलेला, म्हणजे ट्रॉलीतला सुटा १० ब्रास मुरूम लागतो. फार मातकट लाल मुरूम घेऊ नका, तोही चिकटच. मुठीत दाबल्यावर बांधतो पण बोटांना लेप धरत नाही, तो घ्या. मुरूम हे गौण खनिज आहे. ट्रॉलीवाल्याकडून परवान्याची पावती मागा, नाही तर तलाठी आल्यावर गटाचं नाव पुढे येतं. जागा खासगी नसून गावाची असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी.

जिथे मुरूम फार लांबून आणावा लागतो तिथे काळ्या मातीतच विटलेला चुना मिसळता येतो. वजनाच्या ३ ते ५ टक्के चुन्यानं मातीचं फुगणं बरंच कमी होतं. रस्त्यांच्या कामात ही पद्धत वापरतात. पण सहा इंच थराला हजार किलो किंवा त्याहूनही बराच जास्त चुना लागेल, डोळ्यांना आणि हातांना तो भाजतो, आणि नीट मिसळला नाही तर उपयोग नाही. जाणत्या अभियंत्याशिवाय करू नका.

वरचा थर दोन इंचांचा, हा मुलींच्या अंगाला लागणारा. त्यात एकही खडा नको. तीन पाट्या चाळलेली सिहार आणि एक पाटी चाळलेला बारीक मुरूम, असं आमचं प्रमाण. तुमच्या मातीला वेगळं लागेल, म्हणून आधी हातभर जागेत करून बघा. बादलीभर पाणी ओता. चिखल झाला तर रेताड माती वाढवा. वाळल्यावर भुगा उडाला तर मुरूम थोडा वाढवा. काही ठिकाणी मातीत शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळतात. कोरड्या भागात ते चालत असेल. आपल्या दमट हवेत भुसा कुजतो, बुरशी धरतो. धानाचा कोंडाही नको, डोळ्यांत जातो.

कोणीतरी हमखास सिमेंट काँक्रीट सुचवेल. खालची माती हलली की ते फुटतं, आणि न फुटलं तरी कबड्डीत मुलगी रोज दहा वेळा जमिनीवर पडते. काँक्रीटवर तिला पाडायचं का, एवढंच विचारा.

कडा ढासळू नयेत म्हणून उतारावर हरियाली लावा. रेषांसाठी चुन्याची फक्की वापरू नका. पकडीत मुली तोंडावर पडतात, चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. आपल्या घरातली रांगोळी घ्या.

आमच्या दुसऱ्या मैदानाचं काम अकरा दिवस चाललं. गुडघा दुखावलेल्या त्या मुलीची आई पहिल्याच दिवशी धुमस घेऊन उभी होती. मुलीला मात्र तिनं पुढच्या वर्षी, एक पावसाळा बघूनच सोडलं. तिचं बरोबर होतं.

मैदान झाल्यावर

रोहिणी नक्षत्रात चर साफ करा. मृगाची वाट बघू नका. उन्हाळ्यात कडेला भेगा दिसल्या तर वरच्या थराचीच चाळलेली माती कोरडी भरा, वरून थोडं पाणी शिंपडा. भेगांत काळा चिखल भरला तर तो पुन्हा फाटतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी शेवाळ खरवडा. ताडपत्री घालून मैदान झाकायचं असेल तर मोठ्या पावसापुरतं. दिवसेंदिवस झाकलं तर आत घाम धरतो आणि शेवाळ वाढतं. पाऊस थांबल्यावर पाणी कुठे उभं राहतं तिथे काठी रोवून ठेवा, डिसेंबरात तेवढीच जागा दुरुस्त करा.

मुली विचारतात, एवढं कशासाठी? आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी २०१० पासून आहे आणि पहिलं सुवर्णपदक भारतानंच घेतलं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ठरलेल्या पातळीचं प्रावीण्य लागतं. हे त्यांना सांगा. आमच्या मुली अजून जिल्ह्यापर्यंतच गेल्यात, आणि आम्हाला तेवढ्यानंही बरं वाटतं.

मैदानाची किल्ली एका ताईंकडे असू द्या. आमच्याकडे रोज संध्याकाळी त्या आधी स्वतः जाऊन मधल्या रेषेवर टाच दाबतात. टाचेचा खोल ठसा उमटला, तर त्या दिवशी मुली दोरीवरच्या उड्या मारतात आणि मैदान बंद राहतं.